बेरीज आणि गुणाकार यांचे मूलभूत गुणधर्म : नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

४७ आणि ३८ यांची बेरीज तोंडी करायला सांगितली, तर बहुतेक जण चाळीस आणि तीस एकत्र घेतात, सात आणि आठ एकत्र घेतात आणि सत्तर व पंधरा मिळून पंच्याऐंशी असे सांगून मोकळे होतात. उत्तर बरोबर येत असल्यामुळे, दिलेल्या दोन संख्यांचे असे तुकडे करून ते हव्या त्या क्रमाने मिळवण्याची मुभा आपल्याला कोणी दिली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. बेरीज आणि गुणाकार यांचे गुणधर्म म्हणजे नेमकी हीच मुभा होय. आकडेमोड करताना काय बदलले तरी उत्तर बदलत नाही आणि काय बदलले तर ते बदलते, हे त्यांतून कळते. पाठ्यपुस्तकात ते चौकटीत छापलेले असतात आणि पाठ करून सोडून दिले जातात. प्रत्यक्षात मात्र आपण करतो त्या प्रत्येक हिशेबाच्या प्रत्येक ओळीत त्यांतला एखादा तरी वापरलेला असतो.

पायरी १ : गुणधर्म कशाला म्हणायचे, ते आधी ठरवा

३ + ५ आणि ५ + ३ यांचे उत्तर सारखे येते, हे एक उदाहरण झाले. कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी तसेच घडते, असे विधान केले की तो गुणधर्म होतो. म्हणून गुणधर्म लिहिताना विशिष्ट संख्यांऐवजी अ, ब, क अशी अक्षरे वापरतात. त्यांच्या जागी कोणतीही संख्या ठेवता येते, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. येथे एक शिस्त सुरुवातीपासून अंगी बाणवावी. हजार उदाहरणे जुळली तरी गुणधर्म सिद्ध होत नाही, पण न जुळणारे एकच उदाहरण सापडले तर तो खोटा ठरतो. म्हणूनच एखादी क्लृप्ती चालेल की नाही अशी शंका आल्यास लहान संख्या घेऊन दोन्ही बाजू काढून पाहाव्यात. चुकीची क्लृप्ती बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच उघडी पडते.

याच ओघात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किंवा गुणाकार ही नैसर्गिक संख्याच असते, पण वजाबाकी आणि भागाकार यांच्याबाबत तशी खात्री नाही : ४ − ९ किंवा ४ ÷ ९ यांची उत्तरे नैसर्गिक संख्यांत मिळत नाहीत. ऋण संख्या आणि अपूर्णांक यांची गरज गणितात येथूनच निर्माण होते.

पायरी २ : क्रम बदलून पाहा

अ + ब = ब + अ, आणि अ × ब = ब × अ. या गुणधर्माला क्रमनिरपेक्षता म्हणतात. बेरजेच्या बाबतीत तो इतका उघड वाटतो की त्यात सांगण्यासारखे काही उरत नाही. गुणाकाराचे तसे नाही. पाच वेळा तीन घेणे आणि तीन वेळा पाच घेणे या खरे तर दोन वेगळ्या क्रिया आहेत : पहिलीत ३ + ३ + ३ + ३ + ३ आहे, तर दुसरीत ५ + ५ + ५. या दोन बेरजा सारख्या का याव्यात, याचे कारण नुसत्या त्यांच्याकडे पाहून दिसत नाही.

ते दिसावे यासाठी कागदावर तीन आडव्या ओळींत प्रत्येकी पाच ठिपके काढा.

● ● ● ● ●
● ● ● ● ●
● ● ● ● ●

आडव्या ओळी मोजल्या तर पाचांच्या तीन ओळी दिसतात. तेच ठिपके उभे मोजले तर तीनांचे पाच स्तंभ दिसतात. ठिपके एकाने वाढले नाहीत की कमी झाले नाहीत, फक्त आपली मोजण्याची दिशा बदलली. ओळी आणि स्तंभ कितीही घेतले तरी हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून हे निव्वळ उदाहरण राहत नाही, सिद्धता होते. या एका चित्राचा व्यावहारिक फायदाही मोठा आहे. १ ते १० पर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार असतात, पण ७ × ८ पाठ असेल तर ८ × ७ वेगळे पाठ करावे लागत नाही. अशा जोड्या वगळल्या की लक्षात ठेवण्याजोगे गुणाकार ५५ च उरतात.

वजाबाकी आणि भागाकार यांना ही मुभा नाही. ९ − ४ = ५, पण ४ − ९ = −५; १२ ÷ ३ = ४, पण ३ ÷ १२ म्हणजे एक चतुर्थांश.

पायरी ३ : कंस हलवून पाहा

बेरीज ही एका वेळी दोनच संख्यांवर करण्याची क्रिया आहे. तीन संख्या समोर असतील तर आधी कोणत्या दोन घ्यायच्या, हे ठरवावे लागते आणि ते दाखवण्यासाठी कंस लागतो. (अ + ब) + क = अ + (ब + क), आणि (अ × ब) × क = अ × (ब × क), असे सांगणाऱ्या गुणधर्माला साहचर्य म्हणतात. तो नसता तर २ + ३ + ४ असे कंसाशिवाय लिहिणेच निरर्थक ठरले असते, कारण त्याची दोन उत्तरे संभवली असती. वजाबाकीत नेमके तेच होते : (१० − ४) − ३ = ३, पण १० − (४ − ३) = ९. भागाकारातही (२४ ÷ ६) ÷ २ = २ आणि २४ ÷ (६ ÷ २) = ८ येते.

नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य यांच्यात होतो. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे : संख्या डावीकडून उजवीकडे वाचत जा. त्यांचा क्रम दोन्ही बाजूंना तोच असेल आणि फक्त कंस सरकला असेल, तर ते साहचर्य. संख्यांनीच जागा बदलली असेल, तर ती क्रमनिरपेक्षता. आता सुरुवातीची बेरीज सावकाश, एकेक ओळ करून पाहू.

४७ + ३८
= (४० + ७) + (३० + ८) … दशक आणि एकक वेगळे केले
= ४० + (७ + ३०) + ८ … साहचर्य
= ४० + (३० + ७) + ८ … क्रमनिरपेक्षता
= (४० + ३०) + (७ + ८) … साहचर्य
= ७० + १५
= ७० + (१० + ५)
= (७० + १०) + ५ … साहचर्य
= ८५

शेवटून दुसऱ्या ओळीत पंधरातले दहा सत्तरांना जाऊन मिळाले, त्यालाच आपण उभ्या मांडणीत ‘हातचा एक’ म्हणतो. हातच्याची रीत शिकवताना ती बहुधा केवळ कृती म्हणून शिकवली जाते. तिच्यामागे साहचर्य उभे आहे, हे सांगितले जात नाही, आणि माझ्या मते अनेकांना पुढे बीजगणित परके वाटू लागण्याचे हेही एक कारण आहे.

हे दोन गुणधर्म नेहमी जोडीनेच येतात असा समज होऊ शकतो, पण ते एकमेकांवर अवलंबून नाहीत. दोन संख्यांची सरासरी काढणे ही क्रिया घ्या. ४ आणि ८ यांची सरासरी कोणत्याही क्रमाने ६ च येते, म्हणजे ती क्रमनिरपेक्ष आहे. पण आधी ४ व ८ यांची सरासरी काढून तिची २ शी सरासरी काढली तर ४ येतात, आणि आधी ८ व २ यांची काढून तिची ४ शी काढली तर साडेचार. साहचर्य नाही. उलट, अंक शेजारी शेजारी लिहून जोडणे ही क्रिया घेतली, तर १२ पुढे ३ लिहिले की १२३ होतात आणि ३ पुढे १२ लिहिले की ३१२. येथे क्रम महत्त्वाचा आहे, पण १, २ आणि ३ हे याच क्रमाने जोडायचे असतील तर आधी पहिले दोन जोडले काय किंवा शेवटचे दोन, १२३ च मिळतात.

गुणाकाराच्या साहचर्याचा उपयोग तोंडी हिशेबात पदोपदी होतो. १६ × २५ हा गुणाकार (४ × ४) × २५ असा लिहिला की ४ × (४ × २५) म्हणजे ४ × १०० होतो, आणि ४०० हे उत्तर लगेच मिळते. ४ × २५ = १०० आणि ८ × १२५ = १००० या दोन जोड्या नजरेत बसल्या की असे कित्येक गुणाकार सोपे होतात. ४८ + ६७ + ५२ + ३३ या बेरजेतही आधी ४८ व ५२ आणि मग ६७ व ३३ यांची जोडी लावली, तर शंभर अधिक शंभर एवढेच काम उरते.

येथे संगणकाविषयी थोडे अवांतर. खऱ्या संख्यांची बेरीज साहचर्य पाळते, पण संगणक दशांश अपूर्णांक मर्यादित अंकांत साठवतो, त्यामुळे प्रचलित पद्धतीने (०.१ + ०.२) + ०.३ केले तर ०.६००००००००००००००१ असे उत्तर दिसते आणि ०.१ + (०.२ + ०.३) केले तर ०.६. यात दोष गणिताचा नसून साठवणुकीच्या मर्यादेचा आहे, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो.

पायरी ४ : शून्य, एक आणि उलट संख्या

कोणत्याही संख्येत ० मिळवले किंवा तिला १ ने गुणले तर ती बदलत नाही. म्हणून ० हा बेरजेचा अविकारक आणि १ हा गुणाकाराचा अविकारक होय. यावर फार थांबण्याचे कारण नाही. मात्र अपूर्णांकाचे रूप बदलताना आपण अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणतो, तेव्हा खरे तर १ ने गुणत असतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

ज्या संख्येत दुसरी संख्या मिळवल्यावर ० येते, ती दुसरी संख्या पहिलीचा बेरीज व्यस्त : ७ चा −७. जिला गुणल्यावर १ येतो, ती गुणाकार व्यस्त : ७ चा एक सप्तमांश. या कल्पनेचा खरा उपयोग असा, की वजाबाकी म्हणजे व्यस्त संख्या मिळवणे, असे मानता येते. ९ − ४ मधील क्रम बदलता येत नाही, पण तीच वजाबाकी ९ + (−४) अशी लिहिली की ती बेरीज होते आणि बेरजेची सगळी मुभा तिला लागू होते. ५३ − ७८ + ४७ असे गणित आले, तर ते ५३ + ४७ − ७८ असे लिहून १०० − ७८ = २२ हे उत्तर चटकन काढता येते. अट एकच : संख्या हलवताना तिच्या आधीचे चिन्ह तिच्यासोबतच हलले पाहिजे.

पायरी ५ : वितरण, म्हणजे दोन क्रियांना जोडणारा दुवा

आतापर्यंतचे गुणधर्म बेरजेचे वेगळे आणि गुणाकाराचे वेगळे होते. दोघांचा एकमेकांशी संबंध जोडणारा गुणधर्म एकच आहे :

अ × (ब + क) = अ × ब + अ × क

सात ओळींत प्रत्येकी तेरा ठिपके काढा आणि दहाव्या ठिपक्यानंतर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडे ७ × १० ठिपके आणि उजवीकडे ७ × ३ ठिपके असतील, म्हणून ७ × १३ = ७० + २१ = ९१. रेघ कोठेही मारली तरी एकूण ठिपके तेच राहतात. ती कोठे मारायची हे आपल्या सोयीने ठरवायचे, आणि तोंडी गुणाकाराचे कौशल्य म्हणजे मुख्यतः ही सोयीची जागा हेरणे.

भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त १३५ × १२ हा गुणाकार वेगवेगळ्या रीतींनी करून दाखवला आहे, आणि त्या रीती या पायरीसाठी उत्तम धडा ठरतात. १२ चे ८ आणि ४ असे भाग पाडले, तर १०८० + ५४० होतात. १० आणि २ असे पाडले, तर १३५० + २७०. बारा म्हणजे वीस वजा आठ असे घेतले, तर २७०० − १०८०. प्रत्येक वेळी उत्तर १६२०. याशिवाय १३५ ला आधी ३ ने आणि मग ४ ने गुणण्याची रीतही आहे : ४०५ × ४ = १६२०. पहिल्या तिन्ही रीतींत वितरण आहे, तर शेवटच्या रीतीत साहचर्य, कारण तेथे १२ ची बेरीज फोडलेली नाही, गुणाकार फोडलेला आहे. हा भेद स्वतः ओळखता आला, तर या लेखातला निम्मा विषय हाती आला असे समजावे.

शाळेत शिकवली जाणारी उभी मांडणीही हेच करते. २३ × १४ करताना आपण आधी २३ × ४ = ९२ लिहितो, मग खालच्या ओळीत एक घर सोडून २३ लिहितो आणि बेरीज ३२२ काढतो. सोडलेले घर म्हणजे २३ × १० = २३० मधले शून्य. दोन्ही संख्या फोडल्या तर (२० + ३) × (१० + ४) = २०० + ८० + ३० + १२ असे चार तुकडे मिळतात, आणि त्यांची बेरीजही ३२२ च येते.

वितरण उलट दिशेनेही वापरावे. १७ × ६ + १७ × ४ असे दिसले की दोन गुणाकार करत बसू नये; सामाईक १७ बाहेर काढून १७ × १० = १७० म्हणावे. ९८ × ७ साठी ९८ म्हणजे १०० − २ असे घेऊन ७०० − १४ = ६८६ काढावे.

चुकाही सर्वांत जास्त याच गुणधर्माच्या वापरात होतात, म्हणून पुढील चार जागांवर विशेष लक्ष असावे.

पहिली चूक म्हणजे कंसातल्या पहिल्याच पदाला गुणून थांबणे : ५ × (२ + ६) म्हणजे १० + ३० = ४०; १० + ६ = १६ नव्हे. दुसरी, गुणाकाराचे गुणाकारावर वितरण करणे : २ × (३ × ४) = २४ असते, पण घाईत (२ × ३) × (२ × ४) केले की ४८ येतात. तिसरी, वर्ग वाटून देणे : (३ + ४) चा वर्ग ४९ आहे, तर ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज २५, मधला २ × ३ × ४ हा चोवीसचा तुकडा गळून पडला, हे ठिपक्यांच्या ७ × ७ चौरसात एक उभी आणि एक आडवी रेघ मारून पाहता येते. चौथी जागा भागाकाराची आहे. (४० + ८) ÷ ४ = १० + २ हे चालते, कारण ४ ने भागणे म्हणजे एक चतुर्थांशाने गुणणे; पण ४८ ÷ (४ + २) = ८ असताना ४८ ÷ ४ + ४८ ÷ २ मात्र ३६ होतात. भाजक कधीही फोडू नये.

कंसाबाहेर वजाचे चिन्ह असले की आतील चिन्हे का बदलतात, याचेही उत्तर वितरणातच आहे. २० − (५ + ३) मध्ये कंसाला −१ ने गुणलेले आहे, आणि ते −१ दोन्ही पदांना जाते : २० − ५ − ३ = १२.

एक गोष्ट मात्र या गुणधर्मांत मोडत नाही. २ + ३ × ४ मध्ये आधी गुणाकार करायचा, म्हणून उत्तर १४, हा लिहिण्याचा सर्वांनी मान्य केलेला संकेत आहे. संकेत वेगळा ठरवता आला असता. ७ × १३ ठिपके मात्र कोणत्याही संकेताने ९१ चे ९० होत नाहीत.

पायरी ६ : पाठ केलेले नियम गुणधर्मांतून काढून पाहा

कोणत्याही संख्येला ० ने गुणले की ० का येते? ० = ० + ० असल्याने अ × ० = अ × (० + ०) = अ × ० + अ × ०. दोन्ही बाजूंतून अ × ० वजा केले की ० = अ × ० उरते.

ऋण गुणिले ऋण धन का? −१ × (१ + (−१)) ही राशी घ्या. कंसात शून्य आहे, म्हणून उत्तर ०. वितरणाने तीच राशी (−१) × १ + (−१) × (−१), म्हणजे −१ + (−१) × (−१) अशी होते. −१ मध्ये काय मिळवले की ० होते? फक्त १. म्हणून (−१) × (−१) हे १ असलेच पाहिजे. दुसरे काहीही मानले तर वितरण मोडते. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम सांगितले, त्यात दोन ऋणांचा गुणाकार धन हा नियम आहेच. त्याच नियमांत शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असेही म्हटले आहे, ते मात्र आज मान्य नाही.

त्याचे कारणही आता अवघड नाही. शून्याने भागणे म्हणजे शून्याच्या गुणाकार व्यस्ताने गुणणे. पण शून्याला कशानेही गुणले तरी ० च येते, १ कधीच येत नाही, म्हणून तो व्यस्त अस्तित्वातच नाही.

पायरी ७ : मुभा संपते ती सीमा

वरील सर्व गुणधर्म पूर्णांक, परिमेय आणि वास्तव संख्या यांच्या बेरीज-गुणाकाराला लागू आहेत, फक्त पूर्णांकांत गुणाकार व्यस्त सहसा मिळत नाही. पुढे सारणींचा (मॅट्रिक्स, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांचा) अभ्यास सुरू झाला की दोन सारणींचा गुणाकार क्रम बदलल्यावर बहुधा बदलतो, असे आढळेल. आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी क्वाटर्निअन या नव्या संख्या सुचल्या, त्यांच्यातही गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा असतो, साहचर्य मात्र टिकते. अशा ठिकाणी पोहोचल्यावर, जो गुणधर्म आपण सवयीने वापरत होतो तो येथे आहे का, हे दर वेळी तपासावे लागते.

पायरी ८ : सराव

सराव करताना उत्तरापेक्षा प्रत्येक ओळीसमोर गुणधर्माचे नाव लिहिण्याकडे लक्ष द्या. २५० × १३ × ४ मध्ये १३ आणि ४ यांची अदलाबदल करा : क्रमनिरपेक्षता, नंतर साहचर्य, उत्तर १३,०००. ९९ × ४५ + ४५ मध्ये दुसरे ४५ हे १ × ४५ आहेत, असे पाहा : अविकारक, नंतर वितरण, उत्तर ४५००. १०२ × ९८ थोडे चढे आहे; (१०० + २) × (१०० − २) असे लिहून चारही तुकडे मांडा, मधले दोन एकमेकांचे बेरीज व्यस्त निघतील आणि १०,००० − ४ = ९९९६ उरतील. त्यानंतर १ ते १० या संख्यांची बेरीज पहिली-शेवटची, दुसरी-नववी अशा जोड्या लावून करा, उत्तर ५५ येईल. जोड्या लावताना कोणते दोन गुणधर्म किती वेळा वापरले गेले, ते मात्र प्रत्यक्ष ओळी लिहूनच मोजा.